कॅम्परमध्ये हीटर कुठला बसवू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखक कोल्हापूरचे. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन त्यांनी ती सवडीसवडीने कॅम्पर करत आणली: मागे डबल बेड, कडेला दोन बंक, शेगडी, टपावर सोलर पॅनल, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर. गोवा झालं, हंपी झालं. आता जानेवारीत बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या आईला घेऊन मनाली आणि अटल बोगद्यापलीकडे सिस्सू-केलाँगला बर्फ बघायला जायचा बेत आहे. आईला दम्याचा जुना त्रास आहे.

एका मित्राने सिलिंडरवर बसणारा गॅस हीटर सुचवलाय. "काय होत न्हाई, खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आम्ही दोन रात्री काढल्या की." दुसरा म्हणतो, इन्व्हर्टर आहे तर ब्लोअर लाव. तिसरा ट्रकवर होता, तो म्हणतो इंजिन चालू ठेवून गाडीचाच हीटर लावायचा. चौथ्याने ऑनलाइन ५ किलोवॉटच्या चिनी डिझेल हीटरची लिंक पाठवलीय. आणि बायको म्हणते, एवढी थंडी असेल तर हॉटेलात झोपू. त्यावरून घरात धुसफूस चालू आहे. पत्राचा शेवट असा: "आठ रात्रींचा तर प्रश्न आहे, फार खर्च नको. कुठला हीटर घेऊ? आणि बायकोला कसं पटवू?"

उत्तर

नमस्कार,

चार मित्रांनी चार हीटर सुचवले, पण तुमच्या गाडीच्या पत्र्यातून उष्णता किती वेगाने बाहेर जाते हे एकानेही विचारलं नाही. तुम्ही लेथवाले, माप घेतल्याशिवाय जॉब लावत नाही. तेव्हा पैसे मोजण्याआधी गाडीचं एक माप घ्या. त्यासाठी कोल्हापूर सोडायचीही गरज नाही.

डिसेंबरातली एखादी थंड, निरभ्र रात्र धरा. गाडी दारात, उघड्यावर लावा. आत हजार वॅटवर चालणारा, तेल भरलेला इलेक्ट्रिक हीटर ठेवा. रेडिएटरसारख्या पट्ट्यांचा मिळतो तो. शेजाऱ्याकडून आणला तरी चालेल. वायर घरातून घ्या. थर्मोस्टॅट पूर्ण वर ठेवा, नाहीतर हीटर मध्येच बंद होईल आणि माप चुकेल. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आत कोणी झोपायचं नाही. एक थर्मामीटर आत बेडच्या उंचीवर, दुसरा बाहेर सावलीच्या बाजूला टांगा. रात्री दहाला चालू करून पहाटे पाचला दोन्ही आकडे लिहून घ्या.

आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक हे तुमच्या गाडीचं माप. समजा, बाहेर १४ आणि आत १९ निघालं. म्हणजे हजार वॅटला पाच अंश मिळाले. जानेवारीत सिस्सूकडे रात्री उणे १० होणं नवलाचं नाही, आणि आत तुम्हाला १५ हवेत. फरक झाला २५ अंशांचा. वॅट आणि फरक ढोबळमानाने सरळ प्रमाणात वाढतात, म्हणून तुम्हाला ५,००० वॅट लागतील. आता गाडीला आतून नीट अस्तर लावा आणि हीच चाचणी पुन्हा करा. हजार वॅटला पंधरा अंश मिळाले, तर त्याच सिस्सूला सतराशे वॅटमध्ये भागतं.

कागदावरचा हिशोबही याच्याच आसपास येतो. पाच मीटर लांब, जेमतेम दोन मीटर रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या डब्याला छत, तळ, बाजू मिळून साधारण ४५ चौरस मीटर पृष्ठभाग असतो. २५ अंशांच्या फरकाला नुसत्या पत्र्यातून साडेपाच किलोवॉटच्या घरात उष्णता निघून जाते. २५ मिलिमीटरचा चांगला फोम लावला की ती सव्वा किलोवॉटच्या आसपास येते; काचा आणि फटी धरल्या तरी दोनच्या आत राहते. तुम्हाला आलेल्या लिंकमधला ५ किलोवॉटचा हीटर तुमच्या गाडीच्या आजच्या अवस्थेला बरोबर आहे. फुटक्या घागरीला मोठा नळ जोडण्यातला तो प्रकार. आधी घागर सांधा, मग नळ लहानच पुरेल.

अस्तरासाठी नायट्राइल रबराचा किंवा क्रॉसलिंक पॉलिथिलीनचा फोम घ्या, एसीच्या डक्टला गुंडाळतात तो. त्याच्या पेशी बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही. ग्लासवूल नको, एकदा ओलं झालं की महिनोन्महिने ओलंच राहतं आणि मागचा पत्रा गंजतो. थर्माकोल तर नकोच. ते पेटतं आणि त्याचा धूर घातक असतो. फोम पत्र्याला पूर्ण चिकटला पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर तिथे दव धरतं. बॉडीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या उघड्या ठेवू नका. बहुतेक जण मोठे सपाट भाग झाकतात आणि पट्ट्या सोडून देतात. मग सकाळी नेमक्या त्याच पट्ट्यांवरून पाण्याचे ओघळ येतात.

काचांसाठी त्याच फोमचे काचेच्या मापाचे तुकडे कापा, एका बाजूला काळं कापड शिवून घ्या आणि रात्री दाबून बसवा. तळाला प्लायखाली फोम हवाच, कारण थंडी आधी पायाला लागते. आणि ड्रायव्हरची केबिन मागच्या भागापासून तोडा. पुढची मोठी काच आणि दोन दारं मिळून जेवढी उष्णता खातात तेवढी बाकीची अर्धी गाडी खात नसेल. तिथे छतापासून तळापर्यंत जाड पडदा लावा. मी धनगरी घोंगडं सुचवेन. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, हातमागावरचं, चांगलं दाट विणीचं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल धरते आणि तरी हाताला ओली लागत नाही. बंद गाडीत हा गुण फार कामाचा आहे. शिवाय ती सहजासहजी पेट घेत नाही. एक पडद्याला घ्या आणि एक आईंच्या गादीखाली घालायला.

आता गॅसच्या हीटरबद्दल. हा घेऊ नका. मी यात कुठलीही सवलत देणार नाही.

तुमच्या मित्राच्या दोन रात्री सुखरूप गेल्या, हे खरं असेल. त्याने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. पण ज्याची रात्र सुखरूप गेली नाही तो सल्ला द्यायला येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे एका रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक एकाच खोलीत झोपले होते, थंडीसाठी गॅस हीटर लावलेला होता. सकाळी आठही जण गेले. त्यात चार मुलं होती. ती तर खोली होती. तुमची गाडी त्याहून लहान.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या वासामुळे कळतो. तोच गॅस अर्धवट जळून झालेलं विष मात्र कळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. बंद डब्यात ज्योत जितका वेळ जळते तितका आतला ऑक्सिजन कमी होतो, आणि ऑक्सिजन कमी झाला की ज्योत अधिकच अर्धवट जळते. बोटभर खिडकी किती हवा देते हे वाऱ्यावर अवलंबून आहे. रात्री वारा पडला किंवा फटीवर बर्फ साचला, तर झोपलेल्या माणसाला ते समजणार कसं?

याच्या पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते आणि ती फारशी बोलली जात नाही. सिस्सू ३,००० मीटरच्या वर आहे. कोल्हापूर पावणेसहाशे मीटरच्या आसपास. आपली माणसं तिथे गेली की डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, भूक लागत नाही. विरळ हवेचा तो त्रास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणं हुबेहूब हीच: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, गळाठा. म्हणजे मुलगा रात्री "पप्पा, डोकं दुखतंय" म्हणाला, तर तुम्ही "उंचीमुळे होतंय, पाणी पी आणि झोप" असं म्हणाल. कोणीही असंच म्हणेल. आणि मूल पांघरूण डोक्यावर घेऊन त्याच हवेत परत झोपेल.

म्हणून पुढचा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. गाडीत कोणाचंही डोकं दुखलं तर आधी हीटर बंद, दार उघडं, सगळे बाहेर. दहा मिनिटं मोकळ्या हवेत काढून मग ठरवा. बाहेर बरं वाटू लागलं किंवा एकाच वेळी दोघांना त्रास होतोय, तर उंचीला दोष देऊन परत आत झोपू नका. जवळचा दवाखाना गाठा.

हीटर कुठलाही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच्या आधी विकत घ्या. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा, ईएन ५०२९१ भाग २ हे मानक लिहिलेला. हा भाग खास कॅम्पर आणि बोटींसाठीच आहे. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि एक दुसऱ्याचं काम करत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो, त्यामुळे गळतीचा अलार्म तळाजवळ बसवा. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो, त्याचा अलार्म झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. तुमच्या गाडीत शेगडी आहे, म्हणजे तुम्हाला दोन्ही हवेत. शेगडीही ऊब घ्यायला पेटवून ठेवू नका. आणि घरगुती लाल सिलिंडर गाडीत असेल तर तो उतरवा. नियमातही बसत नाही आणि झोपायच्या जागेत त्याचं काही काम नाही.

गॅस हीटर अजून दोन कारणांनी तिथे निरुपयोगी आहे, आणि ती तांत्रिक असल्याने तुम्हाला लगेच पटतील. सिलिंडरमधला गॅस प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतं, पण ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं. म्हणजे सर्वात थंड वेळी, पहाटे, ज्योत मंद होणार. दुसरं, गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो गॅसमागे दीड लिटरहून जास्त. २ किलोवॉटचा उघडा हीटर तासाला पाव लिटर पाणी हवेत सोडतो. रात्रभरात दोन लिटर, शिवाय चार माणसांच्या श्वासातून लिटरभर. हे पाणी पत्र्यावर, काचेवर, गादीच्या खालच्या बाजूला जमतं. दाराच्या रबरात गोठलं की दार उघडत नाही. ओल्या पांघरुणात गरम गाडीतही थंडी वाजते.

इंजिन चालू ठेवण्याबद्दल. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फाच्या वादळात गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं गाड्यांमध्येच गेली. काही थंडीने, काही इंजिन चालू ठेवल्याने आत आलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं की धूर गाडीखाली फिरतो आणि तळाच्या भोकांतून वर येतो. तुमच्या तळाला पाण्याच्या आणि वायरींच्या पाइपांसाठी भोकं पाडलेली असणार. ती आधी सील करा. इंजिनच्या हीटरचा खरा उपयोग चालत्या गाडीत आहे: मुक्कामाला पोचायच्या आधीचा तासभर तो पूर्ण सोडा, पडदा उघडा ठेवा, म्हणजे मागचे बेड आणि फर्निचर गरम होऊन राहील. ती ऊब फुकटची आहे.

इन्व्हर्टरवरचा ब्लोअर आकड्यांतच बाद होतो. तुमच्या बॅटरीत सगळी मिळून १.२८ युनिट वीज. २,००० वॅटचा ब्लोअर ती पस्तीस मिनिटांत संपवेल आणि रात्र तशीच शिल्लक. पण तीच बॅटरी माणसाला ऊब द्यायला भरपूर आहे. १२ व्होल्टवर चालणारं इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण ५० वॅट घेतं. आठ तास सतत चालू ठेवलं तरी ०.४ युनिट. हे मुलाच्या आणि आईंच्या अंथरुणाला द्या. नाहीतर रबराच्या पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरून, वर मोजा चढवून, झोपायच्या आधी अर्धा तास पांघरुणात ठेवा. सगळी गाडी २४ अंशांवर न्यायचा हट्ट सोडलात तर हे सहज जमतं. अंथरुणात ऊब आणि गाडीत दहा-बारा अंश एवढ्यावर चांगली झोप लागते. गाडी जास्त तापवायची ती रात्री जेवताना आणि सकाळी उठताना.

होमस्टेच्या अंगणात लावून त्यांची वीज घेता आली तर तुमच्या चाचणीतला तेलाचा हीटरच सोबत न्या. त्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. एक्स्टेन्शनची वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची, रीळवर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडलेली हवी.

राहिला डिझेल हीटर. गाडीत बसवायचा तर हाच, आणि त्याचं कारण एकच: त्याची ज्योत बंद कक्षात जळते. जळायला लागणारी हवा तो गाडीखालून घेतो, धूर गाडीखालीच सोडतो, आणि आतली हवा फक्त त्या गरम कक्षावरून फिरवतो. तुमच्या श्वासाची हवा आणि ज्योतीची हवा कुठेही एक होत नाही. म्हणून पाणीही आत सुटत नाही. पण हे सगळं फिटिंग नीट असेल तरच. धुराच्या नळीचा एकही जोड गाडीच्या आत येता कामा नये. नळीचं तोंड खिडकीखाली नको, दाराखाली नको आणि हवा घेणाऱ्या नळीजवळ तर अजिबात नको. तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे साचलेलं पाणी गोठून ती बुजणार नाही. स्वस्त किटमधला सायलेन्सर बऱ्याचदा शिवणीत फुटका असतो. तो बदला किंवा वेल्डिंग करून घ्या. उद्यमनगरात हे काम तुमच्याइतकं चांगलं कोण करणार? फक्त घाईत करू नका.

आकार २ किलोवॉटचा, अस्तर लावल्यानंतरच्या चाचणीत पटलं तर. डिझेल हीटर मोठा घेऊन रात्रभर सगळ्यात कमीवर चालवला की आत काजळी धरते आणि पुढे तो धूर ओकायला लागतो. लहान हीटर जरा जोरात चालवलेला चांगला. रोज एकदा वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवा, काजळी जळून जाते. बंद करताना मेन स्विच ओढू नका. बटणाने बंद करून पंख्याला कक्ष थंड करू द्या. खप रात्रीला लिटर-दीड लिटर डिझेल. बॅटरीतून पेटताना काही मिनिटं मोठा करंट घेतो, नंतर पंख्यापुरता.

घेताना दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: किती उंचीपर्यंत चालतो? हवा विरळ झाली की तेवढ्याच डिझेलला ऑक्सिजन कमी पडतो. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारी सोय हीटरमध्ये नसेल, तर मनालीत चालणारा हीटर सिस्सूला विझू शकतो. वेबास्टो, एबरस्पेशर यांची यंत्रं महाग आहेत, पण त्यांच्याकडे उंचीचा विचार केलेली मॉडेलं मिळतात. स्वस्तातल्या यंत्रावरच्या 'हाय अल्टिट्यूड' या छापील शब्दांवर विसंबू नका, सेटिंग कसं बदलायचं ते दाखवायला सांगा.

डिझेलही बघा. आपल्याकडे भरलेलं साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत दाटतं, त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर तुंबतो. मग हीटर आणि इंजिन दोन्ही गेले. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याच अडचणीपायी. तुम्ही एवढं करा: टाकी रिकामी होत आणा आणि डोंगर चढायच्या आधी हिमाचलातल्या वर्दळीच्या पंपावर भरा. रॉकेल मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आणि तुमची लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज होता कामा नये, पेशी कायमच्या बिघडतात. ती बेडखाली, आतल्या बाजूला असू द्या आणि तिच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडायची सोय आहे का ते तपासा.

टपावरची एक खिडकी किंवा व्हेंट रात्रभर थोडा उघडा ठेवा, हीटर चालू असतानाही. उष्णता थोडी जाईल, जाऊ दे. ओल बाहेर गेली पाहिजे.

आता वहिनींचं म्हणणं. तुम्ही विचारलंय, पटवू कसं. मला वाटतं, त्यांचं म्हणणं तुम्ही नीट ऐकून घेतलेलं नाही. त्यांनी सहलीला नाही म्हटलेलं नाही, गाडीलाही नाही. दम्याच्या सासूबाईंना आणि दहा वर्षांच्या पोराला उणे १० मध्ये कुठे झोपवायचं, एवढंच त्या विचारताहेत. रात्री कोणाला खोकल्याची उबळ आली तर उठणार त्याच, हे तुम्हालाही माहीत असेल. ज्या गाडीवर तुम्ही इतके दिवस राबलात तिच्यात झोपायचं नाही म्हटल्यावर तुम्हाला लागलं, तेही समजतं. पण हॉटेलात एक रात्र काढल्याने गाडी वाया जात नाही.

रस्त्याचाही विचार करा. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, २०२० मध्ये सुरू झाला, आणि त्यामुळे हिवाळ्यात पलीकडचं लाहौल खोरं गाठता येतं हे खरं. पण बर्फ पडला की मनालीच्या वरच पोलिस गाड्या थांबवतात आणि बऱ्याचदा फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. तुमची ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते, लांब आहे, वजनदार आहे. बर्फाखालच्या काचेसारख्या थरावर तिला घेऊन जाण्याची जोखीम हीटरच्या प्रश्नापेक्षा मोठी आहे. माझं मत असं: गाडी मनालीच्या परिसरात, वीज देणाऱ्या जागी लावा. तिथे रात्री शून्याच्या आसपास असतं, तेलाचा हीटर आणि घोंगडी एवढ्यावर रात्र सुखात जाते. दोन रात्री तिथे काढून शरीराला उंचीची सवय होऊ द्या. सिस्सूला दिवसा स्थानिक फोर-बाय-फोर करून जा, पोराला बर्फात मनसोक्त खेळू द्या आणि झोपायला खाली या. झोपायची जागा एका दिवसात हजार मीटर उंच नेणं आईंना तर नकोच, कोणालाच चांगलं नाही. या बेतात यंदा डिझेल हीटर लागतच नाही. अस्तर आणि अलार्म मात्र लागतात. हीटर पुढच्या हिवाळ्यात, सावकाश, चांगला घ्या.

असा बेत वहिनींसमोर ठेवा आणि कुठल्या रात्री गाडीत, कुठल्या रात्री खोलीत, हे त्यांना ठरवू द्या. जाण्याआधी एक रात्र चौघांनी गगनबावड्याला गाडीत काढा. तिथे हिमाचलची थंडी नाही, पण कोण रात्री किती वेळा उठतं, बंकवरून उतरताना आईंचा पाय कुठे अडखळतो, ओल कुठे धरते, हे सगळं कळतं.

कागदपत्रांचंही एक राहिलंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत केलेला बदल आरसी बुकात नोंदलेला असावा लागतो. ट्रॅव्हलरची कॅम्पर केल्याची नोंद केली नसेल तर आधी आरटीओत ती करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. एमएच ०९ ची अशी गाडी परराज्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा इथेच अडकतो.

आणि आईंना न्यायचं की नाही, हे मी किंवा तुम्ही ठरवायचं नाही. त्यांच्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: मुक्काम २,००० मीटरवर, दिवसा काही तास ३,००० मीटरवर, आणि हवा थंड व कोरडी. ते हो म्हणाले तर औषधांचा जादा साठा आणि लिहून दिलेली चिठ्ठी सोबत घ्या. बाहेर पडताना नाका-तोंडावर मफलर, म्हणजे श्वासाची हवा जरा गरम होऊन आत जाते. इन्हेलर डॅशबोर्डवर ठेवू नका, आईंच्या स्वेटरच्या आतल्या खिशात असू द्या. थंड पडलेल्या इन्हेलरमधून औषध कमी येतं.